पातळ पातं की जाड पातं? अकीक कापणाऱ्या गटांसाठी थोडा हिशेब



मुंबईच्या दक्षिण टोकाला, कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आम्ही बोलतोय. आमचा पिढीजात धंदा म्हावऱ्याचा. पण दर वर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या ६१ दिवसांत होड्या किनाऱ्याला आणि पाट्या भिंतीला टेकलेल्या. तेवढ्या काळात आमचा गट अकीकाचे दगड कापतो, घासतो, त्यांची पेंडंट आणि कानातली करतो. विकायला कुलाबा कॉजवेचा फूटपाथ फार लांब नाही.

गावाकडच्या गटांचा एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. गटाच्या बचतीतून दगड छाटायचं छोटं मशीन घ्यायचं ठरलंय. मशीन पसंत पडलं, पण पातं कुठलं घ्यायचं यावर गाडं अडलं. एक दुकानदार म्हणतो, "ताई, पातळात पातळ पातं घ्या, दगड वाचेल." दुसरा म्हणतो, "फरशी कापायचं पातं लावा, स्वस्त आहे आणि मोडत नाही." खरं कोणाचं? पहिल्याचं अर्धं खरं आहे. दुसऱ्याचं ऐकू नका, आणि का ऐकू नका ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी दगडाबद्दल थोडं. देशावर नांगराच्या फाळाला लागून वर येणारे, ओढ्याच्या वाळूत सापडणारे दुधी, राखी, तांबूस खडे तुम्ही पाहिलेच असतील. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हारसाचे थरावर थर साचले, त्यांचाच आपला काळा पाषाण झाला. त्या रसात बुडबुडे होते, ते निवल्यावर पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर झिरपलेली सिलिका त्या पोकळ्यांत थराथराने बसली आणि अकीक झाला. म्हणून कापला की आत कांद्यासारखे पदर दिसतात. या दगडाचा व्यापार आपल्याकडे फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या प्रवासपुस्तकात पैठणहून भरुचला गाड्यांतून जाणाऱ्या अशा दगडांचा उल्लेख आहे. त्याच्याही कितीतरी आधी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला आणि प्रवरेकाठी नेवाशाला राहणारे शेतकरी याच जातीच्या दगडाची धारदार पाती काढून वापरत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे खणून ती बाहेर काढली. म्हणजे ज्या दगडाची आपले पूर्वज पाती करत, तो कापायला आज आपण पातं शोधतोय. मजाच आहे.

तो कापायला अवघड का, याचं उत्तर याच गमतीत आहे. दगडांचा कठीणपणा १ ते १० अशा पायऱ्यांवर मोजतात. संगमरवर तिसऱ्या पायरीच्या आसपास, पोलाद साडेपाच-सहाच्या घरात, अकीक सातव्या पायरीच्या जवळ आणि हिरा दहाव्या. म्हणजे पोलादाने अकीक कापला जाणार नाही, उलट पोलादच झिजेल. घरी करून बघा. खिळ्याने दगडावर रेघ ओढा. दगडावर ओरखडा उमटला तर तो मऊ, बहुधा कॅल्साइट. त्यावर लिंबू पिळलं की बारीक फेसही येतो. दगडाला काही न होता खिळ्याचीच चकाकती रेघ वर राहिली, तर तो अकीकाच्या जातीचा.

म्हणून या मशीनच्या पात्याला सुऱ्यासारखी धार नसतेच. ती पोलादाची पातळ चकती असते आणि तिच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. चकती गरगर फिरते, कण दगडाला खरवडतात. आम्हा कोळणींना हे समजायला थोडा वेळ लागतो, कारण आमच्या हातात जन्मापासून कोयता. कोयत्याने सुरमईची तुकडी पाडली तर मासा दोन भागांत होतो, मधलं काही हरवत नाही. दोन्ही तुकड्या जोडून तराजूत टाकल्या तर वजन तेवढंच. दगडाचं तसं नाही. सुताराच्या करवतीखाली जसा भुसा पडतो तशी इथे दगडाची पूड पडते. पात्याची जेवढी जाडी, तेवढी दगडात चीर, आणि त्या चिरेतला दगड गेला तो गेलाच. प्रत्यक्षात चीर पात्याच्या कडेपेक्षाही थोडी रुंद होते, कारण फिरताना पातं अंमळ हलतं.

पातळ पात्याचं सगळं कौतुक यातूनच आलं. आता वही-पेन्सिल घ्या आणि हा हिशेब करा. ६० मिलीमीटर लांबीचा, दोन्ही टोकं सपाट केलेला दगड धरा. त्याचे ५ मिलीमीटर जाडीचे काप काढायचे आहेत.

अर्ध्या मिलीमीटरचं पातं लावलं तर चीर साधारण ०.६ मिलीमीटर पडेल असं धरू. दहा काप म्हणजे ५० मिलीमीटर, मधल्या नऊ चिरा मिळून ५.४ मिलीमीटर. एकूण ५५.४. दहा काप निघाले आणि साडेचार मिलीमीटरचा टवका उरला, ज्यात अकरावा काप बसत नाही.

आता ०.८ मिलीमीटरचं पातं, चीर ०.९ धरू. दहा काप ५० मिलीमीटर, नऊ चिरा ८.१, एकूण ५८.१. काप दहाच निघाले!

फरशीचं पातं दोन मिलीमीटरच्या आसपास जाड असतं. त्याची चीर २.२ धरा. आठ कापांचे ४० मिलीमीटर, सात चिरांचे १५.४, एकूण ५५.४. नववा काप बसत नाही. म्हणजे दोन काप पुडीत गेले.

दुकानदार जे "दगड वाचेल" म्हणतो ते या दगडाच्या बाबतीत पातळ आणि मध्यम पात्यांमध्ये खरं ठरत नाही. दोन्हींत काप सारखेच. फरक पडला तो फरशीच्या पात्यामुळे. तीन मिलीमीटरचे पातळ काप काढायचे असतील तर मात्र अर्ध्या मिलीमीटरच्या पात्यावर १६, ०.८ च्या पात्यावर १५ आणि फरशीच्या पात्यावर ११ काप निघतात. एका कापाचा फायदा झाला. तो एक काप किती रुपयांचा, हे तुमच्या दगडावर ठरेल. ओढ्यातून आणलेल्या साध्या राखी अकीकाचा असेल तर त्यासाठी नाजूक पातं मोडण्याचा धोका कशाला पत्करायचा?

आता या मशीनचं खरं काम काय ते बघू. बाजारात याला ट्रिम सॉ म्हणतात, आम्ही छाटणीचं मशीन म्हणतो. सहा इंची चकती, वर सपाट टेबल, खाली पाण्याची टाकी. मोठे धोंडे चिरायचं मशीन वेगळं, त्याची चकती दहा इंच किंवा त्याहून मोठी असते आणि पातंही मिलीमीटरभर किंवा जास्त जाड असतं. आपल्या सहा इंची चकतीतला मधला फ्लँजचा भाग आणि टेबलाची जाडी वजा केली तर जेमतेम पावणेदोन इंच उंचीचा दगड कापता येतो. मुख्य काम छाटणीचं. तयार कापावर पेन्सिलीने पेंडंटचा आकार काढायचा आणि त्याच्या बाहेरचा भाग सरळ रेषांत उडवायचा. आकाराच्या बाहेर दीड-दोन मिलीमीटर दगड राखायचाच असतो, कारण पुढे घासताना तो जातो.

मग विचार करा, छाटणी करताना पातं कुठून फिरतं? बहुतेक वेळा टाकाऊ भागातून. जो कोपरा फेकायचाच आहे त्यातून अर्ध्या मिलीमीटरची चीर गेली काय आणि पाऊण मिलीमीटरची गेली काय! पातळ पात्याने खरोखर वाचतं ते दोन वेळा. एक, एकाच कापात चार-सहा आकार दाटीने बसवले असतील आणि दोन आकारांमधून चीर जाणार असेल तेव्हा. दुसरं, कानातल्यांची जोडी करताना जाड काप मधोमध चिरून पुस्तक उघडल्यासारखी दोन बाजूंची सारखी नक्षी हवी असेल तेव्हा. चीर रुंद पडली की दोन्ही बाजूंचे पदर एकमेकांना जुळत नाहीत, आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते.

पातळ पात्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चीर अरुंद असली की खरवडायचा दगड कमी, म्हणून कमी ताकदीची मोटारही पुरते आणि दगड कमी तापतो. गावाकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, तिथे लहान मोटारीवर जाड पातं लावलं तर मध्येच अडतं. तेव्हा सरसकट जाडच घ्या असंही आम्ही सांगणार नाही.

पण पातळ पात्याला हात लागतो. आमच्याकडे घोळीसारखा मोठा मासा कापायला जड पाठीचा कोयता काढतात, नाजूक काम असेल तर पातळ सुरी. नव्या सुनेच्या हातात पहिल्या दिवशी पातळ सुरी कोणी देत नाही, कारण तिने जोर केला की सुरी वाकते. दगडाच्या पात्याचं तसंच, फक्त वाकलेली सुरी सरळ होते आणि हे पातं होत नाही. ते थाळीसारखं खोलगट होतं. एकदा खोलगट झालं की चीर सरळ जात नाही, दगड मध्येच अडकतो आणि पातं किंचाळायला लागतं. तो आवाज आला की मशीन बंद करून दगड हळूच मागे घ्या. पुढे रेटू नका.

पातं वाकतं ते मुख्यतः तीन कारणांनी. पहिलं, दगड वळवणं. या मशीनवर गोलाई कापता येत नाही. पेन्सिलीची रेघ गोल दिसली की हात आपोआप वळतो, आणि तिथेच घात होतो. गोल आकार हवा असेल तर सरळ सरळ चार, सहा, आठ काप मारून कोपरे उडवायचे, बाकी काम घासण्याच्या चाकाचं. दुसरं कारण, जोर. दगड ढकलायचा नाही, पात्याला टेकवून धरायचा आणि त्याला त्याच्या चालीने खाऊ द्यायचं. शेवटच्या दोन मिलीमीटरला तर हात आणखी हलका हवा, नाहीतर काप तुटून कडेचा टवका उडतो. तिसरं कारण बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे दगडाचा आकार. ओढ्यातला खडा गोल असतो. फिरतं पातं त्या गोल पाठीवर टेकलं की घसरतं आणि एका बाजूला झुकतं. जाड पातं हे सहन करतं, पातळ करत नाही. शिवाय गोल खडा टेबलावर स्थिरही बसत नाही.

यातून आम्ही गटासाठी एक साधा नेम ठेवला आहे. गोल खड्याला जाड पातं, सपाट कापाला पातळ. सहा इंची मशीनला पहिलं पातं ०.८ मिलीमीटरचं घ्या. खडे उघडायला, नव्या बाईला शिकवायला, रोजच्या राबत्याला तेच. गटातल्या दोघी-तिघींचा हात बसला, काप सरळ पडायला लागले, की दुसरं पातं अर्ध्या किंवा ०.६ मिलीमीटरचं आणा आणि ते त्यांच्याच ताब्यात ठेवा. चार इंची छोट्या मशीनला ०.३-०.४ मिलीमीटरची पातीही मिळतात. ती पिरोजासारख्या, ग्रॅमवर विकत घेतलेल्या महाग खड्यांसाठी. आपल्या अकीकाला त्यांची गरज नाही.

दगडाप्रमाणे थोडा फरक पडतो. अकीक आणि त्याच्या जातीचे लाल-पिवळे जास्पर यांना मध्यम पातं उत्तम. आत भेगा असलेला दगड असेल तर कुठलंही पातं घ्या, पण आधी दगड ओला करून उजेडात धरा. पाणी सुकताना भेगेची रेघ शेवटपर्यंत ओली दिसते. कॅल्साइट, संगमरवर मऊ असतात, लोण्यासारखे कापले जातात, पण त्यांच्या चिखलाने पात्याची कड बुजते. आणि नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, पुण्याकडे विहिरी खणताना किंवा खाणींत निघणारे चमकत्या स्फटिकांचे गुच्छ सापडले तर त्यांना पातं लावूच नका. ते झिओलाइट आणि त्यांच्यासोबतचे स्फटिक. ते मऊ असतात, पापुद्र्यात तुटतात, आणि त्यांना मोल असतं ते अखंड गुच्छाचं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या, म्हणजे आम्ही काय म्हणतोय ते कळेल. आणखी एक, खडे वेचण्याआधी जमीन कोणाची ते विचारा. नदी-नाल्यातून पोत्यांनी आणायचे असतील तर तहसील कचेरीत चौकशी करा. दगडही गौण खनिजांत मोडतात.

आता फरशीच्या पात्याकडे येऊ. हे आम्ही मुद्दाम सावकाश सांगतोय.

फरशीचं पातं मार्बल कटरवर लागतं. ते हातात धरायचं मशीन, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं आणि बहुतेक कारागीर ते कोरडंच चालवतात. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. ती कोरडी कापली की जो धुरळा उडतो त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग खाली बसतो. न दिसणारा, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक भाग हवेत तरंगत राहतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. तिथून तो बाहेर येत नाही. फुप्फुस हळूहळू आतून घट्ट होत जातं, दम लागतो. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. तो झालेल्याला क्षयरोगही लवकर गाठतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली ही धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांत नोंदली.

हे लांबचं नाही. गुजरातमधलं खंभात हे अकीकाचं फार जुनं गाव. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरच्या खाणींतला दगड तिथे येतो, तिथे मणी घडतात, आणि शेकडो वर्षं ते परदेशी जात आले. तिथलं घासण्याचं काम बरंचसं घरात, अंगणात, कोरड्या चाकावर चाललं. नवरा घासतो, बायको मणी निवडते, मूल शेजारी खेळतं, धूळ सगळ्यांच्या नाकात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी केली आणि त्यांच्यात सिलिकोसिस आढळला. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांचंही हेच झालं. पोट भरायला घेतलेलं काम आणि त्यानेच श्वास घेतला. आपले गट बायकांचे आहेत, मशीन बहुधा कोणाच्या तरी पडवीत बसणार, तिथे स्वयंपाक होणार, पाळणा हलणार. म्हणून खंभातची गोष्ट आधी माहीत हवी, मशीन नंतर.

आणि इथे पात्याची जाडी पुन्हा हिशेबात येते. ०.९ मिलीमीटरच्या चिरेतून जेवढी पूड निघते त्याच्या जवळजवळ अडीचपट पूड २.२ मिलीमीटरच्या चिरेतून निघते. दगड तोच, काप तेवढाच, पण धूळ अडीचपट. "स्वस्त आणि मजबूत" पात्याचा हा भाग दुकानदार सांगत नाही.

त्यामुळे काप ओलाच. पात्याची खालची कड पाव इंचभर पाण्यात बुडलेली हवी, म्हणजे फिरताना ती पाणी वर घेऊन येते. टाकीवरचं झाकण काढून काम करू नका. उडालेले शिंतोडे भिंतीवर, कपड्यांवर सुकतात आणि त्यांची पुन्हा धूळ होते. म्हणून केरसुणी नको, ओलं फडकं. कामाचे कपडे झटकायचे नाहीत, पाण्यात बुडवायचे. टाकीतला राखी चिखल मोरीत ओतू नका. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून खड्ड्यात पुरा. तोंडाला पदर बांधणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. पदराने ही धूळ अडत नाही. एन-९५ मुखपट्टी लावा, पण पाण्याला पर्याय म्हणून नव्हे, पाण्याच्या जोडीला.

पाणी आणि वीज शेजारी आली की अर्थिंग तपासून घ्यायलाच हवं. गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच वायरमनकडून बसवून घ्या. आमच्या आज्या लुगड्याचा कासोटा घट्ट मारून पदर कमरेला खोचून कामाला बसत, ती पद्धत या मशीनपुढे फार शहाणपणाची. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या नकोत. आणि लक्षात ठेवा, छाटणीचं पातळ पातं मार्बल कटरवर कधीही लावायचं नाही. प्रत्येक पात्यावर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते लिहिलेलं असतं. कटरचा वेग त्याच्या कितीतरी पुढे जातो, आणि पातं फुटून उडालं तर समोर आपला चेहरा असतो.

खरेदीला जाताना काय विचारायचं? जाडी मिलीमीटरमध्ये विचारा. हार्डवेअरच्या दुकानात माप सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरहून थोडं जास्त. आपलं काम सुताच्या सहाव्या भागाचं, तिथे सूत कामाचं नाही. कडेची जाडी आणि मधल्या पोलादाची जाडी वेगवेगळी असते. कड थोडी जाड हवी, नाहीतर मधला भाग दगडाला घासून तापतो. मधल्या भोकाचं माप तुमच्या मशीनच्या शाफ्टशी जुळायला हवं. भोक मोठं असलं तर कागदाची घडी घालून बसवू नका, त्यासाठी धातूची रिंग मिळते. कड कशी बनली आहे तेही बघा. काही पात्यांच्या कडेला बारीक खाचा पाडून त्यांत हिऱ्याचे कण ठोकून बसवलेले असतात. ती स्वस्त पडतात, पण लवकर संपतात. काहींच्या कडेला हिरा आणि धातूची पूड एकत्र भाजून अखंड पट्टी केलेली असते. ती महाग, पण झिजत गेली तरी आतून नवा हिरा उघडा होत राहतो. रोज काम करणार असाल तर दुसरी घ्या. मुंबईत आलात तर नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकानं ओळीने आहेत, तिथे फरशीची पाती ढिगाने दिसतील. रत्नांच्या कामाची पातळ पाती जयपूर, खंभातकडच्या व्यापाऱ्यांकडे विचारावी लागतात.

पातं बसवताना दोन्ही बाजूंचे फ्लँज सारख्या मापाचे आणि स्वच्छ हवेत. पातळ पात्याला मोठा फ्लँज लावला तर त्याला आधार मिळतो. कापाची उंची थोडी कमी होते, होऊ द्या. वीज जोडण्याआधी पातं हाताने फिरवा आणि कडेजवळ पेन्सिलीचं टोक धरा. पातं एका जागी टोकाला लागतं आणि दुसऱ्या जागी लांब जातं, असं दिसलं तर ते डुलतंय. नट सोडून पुन्हा बसवा. पात्यावर बाण असेल तर फिरण्याची दिशा तीच ठेवा.

गटाच्या वहीत पात्यासाठी एक पान राखा. आणल्याची तारीख, किंमत, रोजचे काप. समजा, फक्त हिशेबापुरतं, बाराशे रुपयांचं पातळ पातं दीडशे कापांनंतर वाकलं, तर कापाला आठ रुपये पडले. पंधराशेचं मध्यम पातं पाचशे काप चाललं तर तीन रुपये. तुमचे खरे आकडे वेगळे येतील. पण दोन महिन्यांनी ते पान उघडलं की पुढचं पातं कुठल्या जाडीचं घ्यायचं, हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही.

काप पडायला वेळ लागतोय, पाणी असूनही ठिणगी दिसतेय, तर पातं संपलंच असं समजू नका. बरेचदा हिऱ्याचे कण धातूखाली बुजलेले असतात. मऊ वाळूच्या विटेचा किंवा झिजलेल्या ग्राइंडिंग चाकाचा तुकडा घ्या आणि त्यात चार-पाच काप मारा, तेही ओलेच. धातू थोडा खरवडला जातो, हिरा वर येतो. नव्या पात्यालाही पहिल्या दिवशी असंच विटेवर चालवून घ्या आणि मगच दगड लावा.

आमच्याकडे खारी हवा, इथे रात्रीत विळीलाही तांबेरा चढतो. म्हणून काम संपलं की आम्ही टाकी रिकामी करतो, पातं कोरड्या फडक्याने पुसतो आणि मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवतो. तुमच्याकडे हवा कोरडी असली तरी पातं रात्रभर पाण्यात उभं ठेवू नका. पाण्यात राहिलेला भाग गंजतो, आणि अर्ध्या मिलीमीटरच्या पोलादाला गंज खायला फार रात्री लागत नाहीत.